न मागितलेला सत्कार

नसीम अत्तार यांचा सत्कार त्यांना न विचारताच ठरला. शिवाजीनगर कोर्टात तीसएक वर्षं दिवाणी दावे चालवलेल्या या बाईंना एका शुक्रवारी त्यांचा ज्युनिअर आमोद म्हणाला, "मॅडम, कोर्ट उठलं की जरा बार रूममध्ये या. छोटंसं काम आहे." त्या गेल्या. टेबलावर शाल, नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स मांडला होता. मागे भिंतीवर फ्लेक्स लावला होता, आणि त्यावर त्यांच्या जुन्या फोटोखाली लिहिलं होतं, 'निवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा.'

आपण निवृत्त होणार आहोत हे नसीमबाईंना तिथे कळलं.

आमोदने भाषण केलं. "मॅडमनी मला हाताला धरून वकिली शिकवली. आता मॅडमनी आराम करावा. डोक्याला फार ताण देऊ नये." 'डोक्याला' म्हणताना तो किंचित थांबला, आणि समोर बसलेल्या वकिलांनी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. मागे एका वाटपाच्या दाव्यात उलटतपासणी घेताना नसीमबाई साक्षीदाराचं नाव विसरल्या होत्या. मग त्यांनी विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारला, आणि थोड्या वेळाने परत तोच. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. तेव्हा आमोद उठला आणि भर कोर्टात म्हणाला, "साहेब, मॅडमना हल्ली लक्षात राहत नाही. पुढची तपासणी मी घेतो." त्याने घेतली आणि चांगली घेतली. त्याबद्दल नसीमबाईंची तक्रार नव्हती.

तक्रार पुढची होती. सत्कारानंतरच्या सोमवारी त्या नारायण पेठेतल्या आपल्या ऑफिसात आल्या तर फायलींचं कपाट अर्ध्याहून जास्त रिकामं झालेलं. आमोदने दोन गल्ल्या सोडून स्वतःची जागा घेतली होती आणि अशिलांना तो बरेच दिवस एकेक करून फोन करत होता. फोनवर काय सांगत होता ते एका जुन्या अशिलाच्या बायकोने नसीमबाईंना भाबडेपणाने सांगितलं. "आमोदसाहेब म्हणाले, मॅडमना मेंदूचा आजार झालाय, वाढतच जाणार. कुणाला बोलू नका म्हणाले. जपा हं मॅडम."

भवानी पेठेतल्या फ्लॅटमध्ये नसीमबाई आणि त्यांची मुलगी सुमय्या दोघीच राहत. नवरा, अकबर, काही वर्षांपूर्वी गेला होता. सुमय्या खराडीला आयटी कंपनीत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अम्मी, तो चोर आहे," ती म्हणाली. "पण तू खरंच विसरतेस. परवा वरणात दोनदा मीठ घातलंस. माझ्या मॅनेजरचं नाव तू मला रोज विचारतेस."

"म्हणून त्याने माझी माणसं न्यावीत?"

"नाही. म्हणून आपण डॉक्टरकडे जावं. मी अपॉइंटमेंट घेतलीये."

नसीमबाई गेल्या, पण बरं वाटावं म्हणून नाही. आमोद खोटा ठरावा म्हणून गेल्या.

मेंदूच्या डॉक्टर शेफाली वयाने सुमय्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. निम्मे नसीमबाईंना आठवले नाहीत. रक्त तपासलं, डोक्याचा एमआरआय केला. दुसऱ्या भेटीत डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाल्या, "आता मला तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

नसीमबाईंनी सांगितलं. सकाळी चहा आणि खारी. कोर्टात पुन्हा चहा. जेवण झालं तर झालं. संध्याकाळी टीव्ही लावून त्यापुढे फायली वाचायच्या, मधे मधे फोन. अकबर गेल्यापासून कुणाकडे जाणं नाही, कुणी येत नाही. पहाटेपर्यंत झोप नाही. कधीतरी अंगाला खाज सुटायची म्हणून एका डॉक्टरने गोळी दिली होती. तिने गुंगी येते हे लक्षात आल्यावर ती रोजचीच झाली. खाज केव्हाच गेली होती.

"किती वर्षं घेताय?"

"अकबर गेल्यापासून."

"आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हो ना? मघापासून तुम्ही उजवा कान पुढे करताय."

"येतं थोडं कमी. मशीन लावण्याइतकं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मॅडम, मेंदू दिवसभराचं साहित्य झोपेत आवरतो. तुम्ही त्याला आवरू देत नाही. वर जी गोळी घेताय, तिचं कामच मेंदूला मंद करणं आहे. कान अर्धं वाक्य पोचवतो, उरलेलं अर्धं मेंदू अंदाजाने भरतो, आणि त्यातच दमतो. मग लक्षात ठेवायला काय उरणार? बी-ट्वेल्व्ह तर जवळजवळ नाहीच. चालणं नाही, माणसं नाहीत, धड जेवण नाही. यातून तुमची ही अवस्था झाली असेल. कदाचित मुळात आजारही असेल, मी आज नाही म्हणणार नाही. पण आधी हे सगळं बदला. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"म्हणजे मला आजार आहे असं आज कुणीच म्हणू शकत नाही?"

"नाही."

"पण त्याने म्हटलं," नसीमबाई म्हणाल्या. डॉक्टरांना काही कळलं नाही. सुमय्याला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून नसीमबाई उजाडताच रेसकोर्सवर चालायला जाऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात एका फेरीत धाप लागली. तेव्हा त्यांनी आमोदचा तो भाषण करतानाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि दुसरी फेरी मारली. पुढे तो रिवाजच पडला. पाय नको म्हणाले की आमोद. दुपारी डब्यातली भाजी नकोशी झाली की आमोद. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली, तेव्हाचे दिवस सगळ्यांत वाईट गेले. झोप येईना, चिडचिड होई. सुमय्याने फोन आणि टीव्ही दोन्हींवर संध्याकाळनंतर बंदी घातली. नसीमबाई अंथरुणात पडून मनातल्या मनात आमोदची उलटतपासणी घेत. 'शाल कुणी आणली? कोणत्या दिवशी आणली? त्या दिवशी मी कोर्टात होते की नाही?' बिचारा साक्षीदार उत्तरं देता देता थकून जाई, आणि एके रात्री त्याच्या आधी त्यांनाच झोप लागली.

कानाचं मशीन त्यांनी शेवटी घेतलं. डोक्यावरची ओढणी कानावरून यायची, त्यामुळे ते दिसत नसे. पहिल्याच दिवशी बार रूममध्ये त्यांना कळलं की लोक आपल्याबद्दल किती बोलतात. आजवर त्या समजत होत्या की आपण आलो की सगळे गप्प होतात. प्रत्यक्षात कुणी गप्प होत नव्हतं. "आली बघ, सवयीने येते बिचारी," असं एक वकील त्यांच्यापासून हातभर अंतरावर म्हणाला. नसीमबाईंनी त्याच्याकडे पाहून छान हसून मान डोलावली. मशीनचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

अर्धी वकिली गेल्यामुळे वेळ होता. त्यांनी फोनमधून तारखा बघणं सोडलं आणि उरलेले दावे एकेक करून तोंडपाठ करायला घेतले. सुरुवातीला नावं निसटत. मग राहू लागली. सहा महिन्यांनी डॉक्टर शेफालींनी पुन्हा शब्द विचारले तेव्हा त्यांनी ते सगळे सांगितले, आणि वर मागच्या वेळचेही सांगितले.

डॉक्टर हसल्या. "इतकी नेटाने करणारी पेशंट मी पाहिली नाही. काय खाऊन करताय?"

"राग," नसीमबाई म्हणाल्या.

त्याच सुमारास लोणी काळभोरची मैना त्यांच्या ऑफिसात आली. साठीच्या जवळ आलेली, पदर खोचलेली बाई. तिच्या शेतात जायची जुनी गाडीवाट एका बिल्डरने पत्रे ठोकून बंद केली होती. बिल्डरचा वकील आमोद आहे, हे तिने बसल्या बसल्या सांगितलं.

"तुमच्याबद्दल लोक काय बी बोलत्यात," मैना म्हणाली. "म्हनं बाईंचं डोकं गेलंय."

"मग तुम्ही कशा आलात?"

"माझ्या बापाचा दावा तुमीच चालिवला हुता. अन् त्या आमोदच्या समोर उभं राहायला दुसरं कुनी तयार न्हाय."

नसीमबाईंनी वकीलपत्र पुढे केलं.

साक्ष बिल्डरच्या साईट मॅनेजरची होती, साईनाथ नावाच्या माणसाची. आमोद नसीमबाईंच्या डावीकडच्या टेबलापाशी उभा होता. तो नसीमबाईंकडे पाहून अदबीने म्हणाला, "मॅडम, बसून घ्या तपासणी. साहेब परवानगी देतील." कोर्टात दोघंतिघं हसले.

नसीमबाई उभ्याच राहिल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी साईनाथला त्याच्या शपथपत्रातला एकेक मुद्दा पाठ म्हणून दाखवला आणि प्रत्येकापाशी एक साधा प्रश्न विचारला. पत्रे कधी लावले? त्याआधी सिमेंटचे ट्रक साईटवर कुठून यायचे? साईनाथ म्हणाला, मागच्या बाजूने. मागच्या बाजूला तर ओढा आहे, हे तुम्हीच शपथपत्रात लिहिलंय. मग ट्रक ओढ्यातून यायचे का? साईनाथ म्हणाला, नाही. मग ट्रक मैनाबाईंच्या वाटेने यायचे, म्हणजे ती वाट तुम्हाला माहीत होती, वापरत होतात, बरोबर?

साईनाथने आमोदकडे पाहिलं. आमोद फाईल चाळत असल्यासारखा वाकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "नाही म्हण. आठवत नाही म्हण." आवाज न्यायाधीशांपर्यंत जाण्याइतका नव्हता. नसीमबाईंच्या डाव्या बाजूने बोललं की त्यांना कळत नाही, हे आमोदला अनेक वर्षांचं माहीत होतं.

"आठवत नाही," साईनाथ म्हणाला.

नसीमबाई न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, माझे विद्वान मित्र साक्षीदाराला आत्ता म्हणाले, 'नाही म्हण, आठवत नाही म्हण.' याची नोंद व्हावी."

"मी काही बोललो नाही," आमोद म्हणाला. "मॅडमना भास झाला असेल. साहेबांना मॅडमची परिस्थिती माहीतच आहे."

नसीमबाईंनी ओढणी मागे सारली, कानामागचं मशीन काढून टेबलावर ठेवलं, साहेबांना नीट दिसेल असं. मग ते पुन्हा लावलं. न्यायाधीशांनी साईनाथला विचारलं, "शपथेवर आहात. वकील काही बोलले का?" साईनाथचा चेहरा उतरला. "बोलले," तो म्हणाला.

नोंद झाली. न्यायाधीश आमोदला जे बोलले ते शांतपणे बोलले, आणि म्हणूनच बार रूममध्ये ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. पुढे निकालात मैनाची वाट मोकळी झाली. ती पेढे घेऊन आली. नसीमबाईंनी एक पेढा खाल्ला, अगदी सावकाश.

त्यांना वाटलं होतं, आता रागाचं काम संपलं. पण आमोद दिसला की तो पुन्हा ताजा व्हायचा. आणि आमोद बघायला मिळत होता. त्याचं काम इतकं वाढलं होतं की तो दोन फोनवर एकाच वेळी बोले. कॅन्टीनमध्ये त्याच्यापुढे चहाचे कप साठलेले असत. डोळ्यांखाली काळं. एकदा तो चुकीच्या कोर्टात जाऊन उभा राहिला. एकदा स्वतःच्याच अशिलाला भलत्याच नावाने हाक मारून गेला. बाकीचे म्हणत, बिझी माणूस. नसीमबाईंना मात्र त्यातली प्रत्येक पायरी ओळखीची होती.

एका दुपारी तो त्यांच्या ऑफिसात आला. बरोबर कुणी नव्हतं. खुर्चीवर टेकून म्हणाला, "मॅडम, जुनं मनात ठेवू नका. एक विचारायचंय. तुम्ही बऱ्या कशा झालात?"

"का?"

"मला नावं आठवत नाहीत. काल युक्तिवाद करताना मधेच सगळं कोरं झालं. मी चाळिशीचा आहे, मॅडम." तो हळू बोलत होता. "झोप येत नाही. झोपेची गोळी घेतो, ती सकाळी उतरत नाही. मग चार-पाच कॉफ्या. कुणाला सांगू? लोक लगेच…" त्याने वाक्य पुरं केलं नाही.

डॉक्टर शेफालींचं कार्ड टेबलाच्या काचेखालीच होतं. त्यावर नसीमबाईंचा हात होता. त्यांनी तो उचलला नाही.

"बदाम खा," त्या म्हणाल्या. "रात्री भिजवायचे, सकाळी सालं काढून खायचे."

"फक्त बदाम?"

"भरपूर खा."

तो आभार मानून गेला. काही दिवसांनी कोर्टात त्याच्या बॅगेतून बदामाची डबी निघताना त्यांनी पाहिली आणि तो दिवस त्यांना फार चांगला गेला.

हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा सुमय्या हसली नाही. "अम्मी, तो गाडी चालवतो. असल्या डोक्याने."

"त्याने माझ्याबद्दल सगळ्या पुण्याला सांगितलं. मी त्याच्याबद्दल कुणालाच सांगत नाहीये. फरक आहे."

"काही फरक नाहीये," सुमय्या म्हणाली आणि उठून आत गेली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

पावसाळा संपता संपता आमोद लोणीहून एक जागा बघून परतत होता. सोलापूर रस्त्यावर भर दुपारी त्याला डुलकी लागली आणि गाडी दुभाजकावर चढली. दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. त्याचा डावा हात आणि दोन बरगड्या मोडल्या.

नसीमबाई हॉस्पिटलमध्ये गेल्या. आमोदची बायको ऋतिका बाहेर बसली होती. तिने डोळे पुसत सांगितलं की पुढच्या आठवड्यात त्याच्या तारखाच तारखा आहेत, दोन आधीच चुकल्यात, अशील फोनवर ओरडतायत. मग ती त्यांना आत घेऊन गेली. आमोद उशीला टेकून होता.

"मॅडम, माझ्या मॅटर्स तेवढ्या सांभाळाल?" तो म्हणाला. "मी उठेपर्यंत."

"उठेपर्यंत नाही," नसीमबाई म्हणाल्या. "वकीलपत्र माझ्या नावाने. तू ना हरकत द्यायची. त्या बिल्डरचं सोडून सगळ्यांत."

"सगळ्या?"

"त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत. उरलेल्या व्याज समज."

आमोदने ऋतिकाकडे पाहिलं. ती म्हणाली, "करून टाक. मला तू जिवंत हवायस." नसीमबाईंनी बॅगेतून कागद काढले. ते त्या तयार करूनच आल्या होत्या. अशिलांशी आधी बोलूनही झालं होतं. आमोदचा उजवा हात धड होता. तो एकेक सही करत गेला, आणि प्रत्येक सहीच्या वेळी नसीमबाईंनी पान नीट धरून ठेवलं.

सगळं झाल्यावर त्यांनी पर्समधून डॉक्टर शेफालींचं कार्ड काढून त्याच्या छातीवर ठेवलं.

"ही बाई तुला बरं करील. गोळी, झोप, जेवण, सगळं विचारील. खरं सांग."

आमोदने कार्ड वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही यांच्याकडेच जात होतात. मी आलो होतो तेव्हाही."

"हो."

"आणि बदाम?"

"बदामांनी काही होत नाही, आमोद. वाईटही होत नाही."

त्याचा चेहरा बदलला. अपमान, भीती, राग, सगळं एकामागून एक. नसीमबाई ते पाहत उभ्या राहिल्या. यासाठीच त्या आल्या होत्या.

जिन्यावर सुमय्या भेटली. ती खाली गाडीत थांबली होती, पण राहवलं नाही म्हणून वर आली होती. कार्ड दिल्याचं ऐकून तिने सुस्कारा सोडला. "थँक गॉड. मला वाटलं तू त्याला तसाच सोडणार."

"तसाच कसा सोडेन? अर्धवट झोपेतल्या माणसाला काय हरवायचं. काय गेलं ते त्याला नीट कळायला नको?"

सुमय्या थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. मग गाडीची किल्ली काढून जिना उतरू लागली.

आमोद वर्षभरात सावरला. डॉक्टर शेफालींनी त्याच्या गोळ्या सोडवल्या, झोप बसवली. तो आता पहाटे कुठल्याशा बागेत चालायला जातो म्हणे. त्याने अशील परत मागितले, तेव्हा नसीमबाई म्हणाल्या, "त्यांना विचार." त्याने विचारलं. कुणी गेलं नाही. तो नव्याने एकेक केस मिळवतो आहे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली तयारी करून येतो. गेल्या महिन्यात एका मालकी हक्काच्या दाव्यात तो पुन्हा नसीमबाईंसमोर उभा राहिला. तारखा, नावं, निवाडे, सगळं त्याला मुखोद्गत होतं. नसीमबाईंना त्याला हरवायला दिवसभर लागला. घरी येऊन त्या भूक लागली म्हणाल्या, दोन चपात्या जास्त खाल्ल्या, आणि पडल्या पडल्या झोपी गेल्या.